सिलतऱ्याचे डाग
शालिग्रामकाका तेलीबांध्याला आमच्या शेजारी राहतात. बरीच वर्षं ते सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात भट्टीपाशी होते. तिथल्या माणसांच्या हातापायांवर ठिणग्यांचे डाग असतातच. नवीन डाग उठला तर कोणी विचारतही नाही.

काकांच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा सुशीलाकाकूंनी आपली एक दिली. मग कंपनीने काकांना भट्टीवरून काढून गेटवरच्या वजनकाट्यावर बसवलं. काकूंची किडनी शरीराने परकी समजून नाकारू नये म्हणून रोज गोळ्या सुरू झाल्या. त्या शरीराची प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. एकही गोळी काकांनी कधी चुकवली नाही.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या पोटरीवर जांभळे डाग दिसले.

"ठिणगी उडाली असंन," काका म्हणाले. आम्हा सगळ्यांना ते पटलं.

पुढे पाय सुजला, बूट चढेना. काकूंनी मला सोबत पाठवलं. समता कॉलोनीत डॉक्टर इरावती त्वचारोग पाहतात. त्यांनी डाग बोटाने दाबला. रंग गेला नाही.

"भट्टीवर शेवटचे कधी होता?"

काकांनी बोटांवर मोजलं. "चार वर्षं झाली, मॅडम."

"मग ठिणगी कुठून आली?"

काका पोटरीकडे बघू लागले. डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं. टाळूवर तसाच एक डाग होता.

"नुसतं पाहून नक्की सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. डागाचा छोटा तुकडा काढून त्यांनी तपासणीला पाठवला.

अहवाल आला. कापोसी सार्कोमा. विषाणूमुळे होणारा कॅन्सर. हा विषाणू काही जणांच्या शरीरात निमूट पडून असतो, डॉक्टर सांगत होत्या. गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दबली की तो डोकं वर काढतो. मला शब्द ऐकू येत होते, अर्थ लागत नव्हता. प्रश्न काकांनीच विचारला.

"इलाज?"

"आधी त्याच गोळ्या कमी कराव्या लागतील. किडनीच्या डॉक्टरांशी मी बोलते."

"अन् किडनी?"

"टिकावी. खात्री देता येत नाही."

घरी येऊन काका खुर्चीत बसले. "गोळ्या कमी करायच्या नाहीत," म्हणाले.

"काहून?" काकूंनी विचारलं.

"तू पोट फाडून देल्ली. अशी घालवू का?"

"मंग? किडनी सांभाळाले नवरा ठेवला का मी?"

काका हसले नाहीत. काकूही नाही. त्या पाणी आणायला आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. काका मला म्हणाले, "निधी, उद्या किडनीवाल्या डॉक्टरकडे जाऊ. काकूले सांग."

ते काकूंनी आतूनच ऐकलं होतं.

गोळ्या कमी झाल्या. डाग फिकट होत आहेत. किडनीच्या तपासणीतला क्रिएटिनिनचा आकडा मात्र थोडा वर गेला आहे, आणि तो वर जाणं चांगलं नाही. दर महिन्याला रक्त तपासायला देऊन परत येताना काका रिक्षात गप्प असतात. काकू बोलत राहतात. भाजी महाग झाली, समोरच्यांनी घर रंगवायला काढलं, असलं काहीतरी.