तीन नंबर, सात नंबर

ब्रश धुवायच्या डब्यात दिवसभर कुठलेही रंग बुडवा, संध्याकाळी पाणी मातकटच होतं. आमच्या स्टुडिओतल्या किश्श्यांचंही तसंच झालंय. हसायचे कुठले नि रडायचे कुठले, आता वेगळे काढता येत नाहीत. तुम्हीच विचारलंत म्हणून सांगते, मग मला दोष देऊ नका!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. भिवंडीत एका पॉवरलूमच्या शेडवर माळा होता, तिथे आम्ही मुलांची चित्रकथांची पुस्तकं बनवायचो. खारबावचे अण्णा काळ्या शाईने चित्र काढायचे, मी रंग भरायचे. खाली लूम सुरू असले की टेबल थरथरायचं. म्हणून झाडं, डोंगर, राक्षसांचे केस अण्णा एरवी काढायचे आणि चेहरे फक्त शुक्रवारी, लूमच्या सुट्टीला.

पुस्तकं छापणारे आमचे शेठ वैतागायचे, "सोमवार को हीरो क्यूँ नहीं बनता?"

अण्णा म्हणाले, "सोमवारी काढला तर हिरोला हुडहुडी भरंल, शेठ!"

*

कातडीचे रंग मी कालवून बाटल्यांत ठेवायचे. बाटल्यांना नंबर. तीन म्हणजे जिवंत माणूस. सात म्हणजे मेलेला: पांढऱ्यात निळा नि किंचित काळा. अण्णा पानाच्या कडेला पेन्सिलीने नंबर लिहायचे, मी तो भरायचे. आपलं डोकं चालवायचं नाही.

एकदा झोपलेल्या राजाला घाईत सात नंबर लागला. पुस्तक छापून गेलं. पुढच्याच पानावर राजा उठून जेवायला बसलेला! मुलांची पत्रं आली, "राजाचं भूत झालं का?"

मी रडकुंडीला आले. अण्णांनी नुसत्या रेघांचं पान माझ्यापुढे ठेवलं. "बघ शोभा, ह्यात तो झोपलाय का मेलाय, मला तरी कुठं कळतंय? ते तुझा रंग ठरवतो."

तेव्हापासून सात नंबरची बाटली मी वेगळ्या खणात ठेवायला लागले.

*

शेठना लाल रंगाचं भारी वेड. "और लाल डालो, पब्लिक को वही चाहिए!"

अण्णांनी एक पडलेला शिपाई काढला होता. नुसत्या रेघांत असताना त्याच्या डोळ्यांवरून नजर हटायची नाही. मी शेठच्या सांगण्यावरून लाल ओतला. अण्णांनी पान उलटसुलट करून बघितलं. "रगत लई हाय. माणूस कुठं गेला?"

शेठ हसले. मग एका वर्षी गावात दंगल होऊन कर्फ्यू लागला. तो उठल्यावर शेठ माळ्यावर आले, लाल रंगाची बाटली हातात घेऊन बघितली. म्हणाले, "शोभाबाई, सूखने के बाद वो लाल नहीं रहता."

पुन्हा कधी त्यांनी लाल मागितला नाही.

*

अण्णांचा मुलगा सुरेश लूमवर ड्युटी करायचा. बाविशीतला. लपूनछपून चित्रं काढायचा. अण्णांना एक सापडलं. "रेघ थरथरते तुझी!" म्हणत त्यांनी ते फाडलं. सुरेश शिफ्टला गेला, तो परत आलाच नाही.

मग अण्णा प्रत्येक पुस्तकात त्याला काढायला लागले. कधी नावाडी, कधी फेरीवाला, बहुतेकदा झाडाखाली झोपलेला पहारेकरी. डाव्या भुवईवर सुरेशचीच खोक. कडेला नंबर कायम तीन.

"कुठंतरी पुस्तक हातात पडंल त्याच्या," अण्णा म्हणायचे. "बाप इसरला न्हाय, एवढं कळलं तरी घरी यील."

एका गोष्टीत पहारेकऱ्याचा खून होता. अण्णा अडून बसले. "गोष्ट बदला. पहारेकरी मरणार न्हाय!"

शेठनी बदलली हो! अख्खं सैन्य कापलं गेलं, पहारेकरी तेवढा जांभई देत उठला. एका मुलाचं पत्र आलं, "हा आळशी माणूस प्रत्येक पुस्तकात कसा वाचतो?"

अण्णांनी ते पत्र घडी करून खिशात ठेवलं.

*

कुठे बेवारस प्रेत सापडलं की ओळख पटवायला हवालदार अण्णांना बोलवायला यायचा. पहिल्यांदा गेले नि धावतच जिना चढून आले. "आपला न्हाय! शोभा, आपला न्हाय!" सगळ्यांसाठी वडापाव मागवले, स्वतः दोन खाल्ले. तिसरा हातात घेतला आणि ढसाढसा रडायला लागले.

"कुणाचा तरी असंलच ना गं तो."

*

त्या दिवशी मंगळवार होता. हवालदार आला, म्हणाला, अंजूरच्या खाडीकडे चला. अण्णा गेले, दुपारी परतले. जिना हळूहळू चढले. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. तांब्याकडे न बघता ते सरळ टेबलाशी जाऊन बसले.

खाली लूम धडधडत होते. अण्णांनी कोरा कागद घेतला आणि पहारेकरी काढायला घेतला. झाड, भाला, मग चेहरा. मंगळवारी! टेबल थरथरत होतं, दौतीतली शाई हिंदकळत होती. रेघ जराही हलली नाही. भुवईवरची खोक त्यांनी सगळ्यात शेवटी काढली.

पान माझ्याकडे सरकवलं. कडेला पेन्सिलीने लिहिलं होतं, ७.

मी खण उघडला. बाटलीचं बूच काही केल्या निघेना. अण्णांनी ती माझ्या हातातून घेतली, बूच काढलं आणि बाटली पुन्हा माझ्यापुढे ठेवली.

"पातळ लाव, शोभा. रेघ दिसली पायजे."