बाबांच्या मापाचे सदरे

पाडवा होऊन गेला की आमच्या घरातली पत्र्याची ट्रंक माळ्यावरून खाली यायची. आम्ही मिरजोळ्याला राहायचो. आता तिथे कारखाने झालेत. तेव्हा नुसता कातळ, काजूची झाडं आणि मधेमधे घरं. उन्हाळ्यात कातळ असा तापायचा की विहिरीपर्यंत अनवाणी जाणं ही शिक्षा वाटे. त्या उन्हासाठीचे पातळ कपडे ट्रंकेत असत: माझी परकर-पोलकी, आईची विटकी लुगडी आणि बाबांचे मलमलीचे पांढरे सदरे. डांबराच्या गोळ्यांचा वास जाईपर्यंत ते अंगणाच्या दगडी गडग्यावर पसरून ठेवायचे, आणि मग आई सुईदोरा घेऊन पडवीत बसायची.

घरात मशीन नव्हतं. असतं तरी आईने त्याला हात लावला असता असं मला वाटत नाही. "मशीनची टीप उसवताना कापड फाटतं," म्हणायची. तिच्या हिशेबी शिवलेलं सगळं कधीतरी उसवायचंच असतं, म्हणून आधीपासून सांभाळून शिवावं. माझा परकर आखूड झाला की ती खालची दुमड सोडायची, तेवढ्यानेही भागलं नाही तर जुन्या लुगड्याचा काठ जोडायची. पोलकं बगलेत काचायला लागलं की तिथे चौकोनी तुकडा घालायची. असली कामं ती गुणगुणत करायची. बाबांच्या सदऱ्यांना हात लावला की मात्र गप्प बसायची.

सदऱ्याची कॉलर घामाने आणि दाढीच्या खुंटांनी घासून विरते. आई ती उसवायची, विरलेली बाजू आत घालायची, कोरी बाजू वर आणायची आणि पुन्हा जिथल्या तिथे शिवायची. मग सदरा नवा दिसे. हे एका सदऱ्याला एकदाच करता येतं. बटणं लावायची तिची तऱ्हाही वेगळी होती. बाकीच्या बायका बटणाच्या चार भोकांतून दोन सरळ रेघा ओढत, आई दोऱ्याची फुली घालायची. मी विचारलं तर म्हणाली, "फुलीत दोरा दोऱ्याला धरून ऱ्हातो गो."

बाबा मुंबईला गोदीत कामाला होते. दर वैशाखात बोटीने यायचे. बोट बंदराबाहेर लांब उभी राही आणि माणसं लहान पडावांतून किनाऱ्याला लागत. घरी आल्यावर बाबा आधी अंगावरचे मुंबईचे कपडे काढत, विहिरीवर आंघोळ करत आणि भाताच्या पेजेची खळ दिलेला सदरा अंगात घालत. तोपर्यंत मला ते परके वाटत. सदरा घातला की ते आमचे बाबा होत.

मग एका उन्हाळ्यात ते आलेच नाहीत. रजा मिळाली नाही असा निरोप आला. पैसे वेळेवर येत होते, तेव्हा तक्रार करायला जागा नव्हती. सदरे तयार होते, ते आईने तसेच घडी घालून ट्रंकेत ठेवले. पुढच्या वर्षी कुणीतरी मुंबईहून आलं आणि म्हणालं, त्यांना खोकला झाला होता, वाळलेत जरा. आईने सगळे सदरे काढले आणि दोन्ही बाजूंनी आत घेतले. तरी बाबा आले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी निरोप असा की आता तब्येत छान सुधारली आहे. आईने आदल्या साली घेतलेली शिवण उसवली आणि सदरे पुन्हा सैल केले, पहिल्यापेक्षाही थोडे जास्त.

शेजारच्या काकू पडवीत येऊन बसायच्या. त्या एकदा म्हणाल्या, "घो मुंबईत नि त्याचं माप हिज्या बोटांत." आई लाजून हसली. मला मात्र राग यायचा. जो माणूस येत नाही त्याचे सदरे कधी आत घ्यायचे, कधी सैल करायचे, हा काय खेळ? मी म्हटलं, "न बघता तुला कसं कळतं?"

"कळतं," आई म्हणाली.

तिची काय पैज लागली होती ते मला फार नंतर समजलं. बाबा येतील आणि सदरा त्यांना नीट बसेल, तर मधल्या दिवसांत काहीच बिघडलेलं नाही, असं तिने मनाशी धरलं होतं. ती बाई दुसऱ्या कुणाला काही विचारणारी नव्हती. तिला उत्तर सदऱ्यातूनच हवं होतं.

आणि त्या वर्षी बाबा आले. निळ्या पट्ट्यांचा शर्ट, पायात बूट, अंगाने भरलेले. मी दारातच थबकले. त्यांनी मला हाताला धरून जवळ ओढलं आणि उभं करून बघितलं. "केवडी झालीस गो. माज्या दुसऱ्या बटणापाशी आलीस," म्हणाले. माझी वेणी त्या बटणात अडकली, आणि मी मागे सरले तेव्हा बटण दोऱ्याला लोंबायला लागलं. आम्ही तिघंही हसलो. त्या घरात आम्ही तिघं एकत्र हसलेलं मला आठवतं ते एवढंच.

बाबा आंघोळीला गेले. आईने तो शर्ट उचलला आणि मला घेऊन विहिरीच्या दगडावर धुवायला बसली. कपडे ती नेहमी उलटे करून धुवायची. शर्ट उलटा केला आणि तिचा हात थांबला.

शर्ट दोन्ही बाजूंनी सैल केलेला होता. जुन्या शिवणीची भोकं अजून दिसत होती. कॉलर उलटवलेली होती. कोपरापाशी विरलेल्या जागी असं बारीक रफू होतं की सुलट बाजूने ओळखू आलं नसतं. बटणं दोन सरळ रेघांत लावलेली. शिंपी कॉलर उलटवत बसत नाही, तो नवा शर्ट शिवा म्हणतो. मुंबईत एका खोलीत दहा-दहा जण राहणाऱ्या बाप्यांपैकी कुणी असलं रफू करत नाही. हे घरातल्या बाईचं काम होतं, आणि शर्ट अंगावर घालून, मागे उभं राहून, कुठे काचतो ते चाचपून केलेलं होतं.

मला यातलं अर्धंच कळलं. मी विचारलं, "कुणी शिवला गो हा?"

आईने रफूवरून अंगठा फिरवला. "हात चांगला हाय," एवढंच म्हणाली.

बाकीचे कपडे तिने दगडावर आपटून धुतले. तो शर्ट तिने आपटला नाही. पाण्यात नुसता खळबळवला आणि हलक्या हाताने पिळला. पिळताना तिच्या नाकावरून पाणी गळत होतं. विहिरीचंच असणार, असं मी तेव्हा धरून चालले.

बाबा आंघोळ करून आले आणि खळ दिलेला सदरा त्यांनी चढवला. खांद्यावर बसला, पोटावर बसला, हात वर केले तरी कुठे ओढला नाही. "काय बरोबर केलंस गो," बाबा कौतुकाने म्हणाले. त्यांना बिचाऱ्यांना आपण काय बोललो ते कळलंही नसेल. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. इतकी वर्षं जे उत्तर हवं होतं ते समोर उभं होतं, अगदी मापात, आणि आता त्याचा काही उपयोग नव्हता. त्या माणसाचं अंग तिने नुसत्या निरोपांवरून ओळखलं होतं. तिकडे कुणीतरी ते रोज डोळ्यांनी बघत होतं.

त्यांच्यात काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. भांडण झालं नाही, झालं असतं तर मी ऐकलं असतं. एका सकाळी आई काजूच्या बिया सोलत होती आणि बाबा तिच्यासमोर मान खाली घालून बसले होते. मी गेले तर दोघं उठले. आंबे संपायच्या आधीच बाबा निघाले, काम आहे म्हणून. निघायच्या आधी आईने पट्ट्यांच्या शर्टाचं लोंबतं बटण पक्कं केलं. फुली घातली, दोरा दाताने तोडला आणि शर्टाची घडी बाबांच्या पिशवीत सगळ्यात वर ठेवली. तिकडे कोण तो उलटा करून बघणार हे तिला ठाऊक होतं.

पुढचा उन्हाळा आला. ट्रंक खाली आली. मला वाटलं होतं आई आता त्या सदऱ्यांकडे बघणार नाही, पण तिने ते काढले, उन्हात घातले आणि एकाची कॉलर उसवायला घेतली. माणूस इतका चिवट का असतो, याचा मला आजही संताप येतो. ती कॉलर तिच्या मांडीवर सुटी पडली असतानाच अंगणात एक गृहस्थ आले. बाबांच्याच गोदीत काम करणारे, लांज्याकडचे. बोटीने आले होते आणि पुढे गावाला जायचे होते. म्हणाले, "ह्या सालात त्यांना रजा नाय. हे पोरीसाठी धाडलंय." एक गाठोडं ठेवलं, पाणी प्यायले आणि गेले.

गाठोड्यात माझ्यासाठी फ्रॉक होता. निळ्या पट्ट्यांचा.

बाबांचा तो शर्ट कापून केलेला. शर्टाची बटणपट्टी होती तशी उचलून पाठीवर घेतली होती, कोपराचं रफू कुठे दिसत नव्हतं. गळ्याला पांढरी बारीक पट्टी. इतका देखणा फ्रॉक माझ्या अंगाला कधी लागला नव्हता. आईने तो उलटा केला. पाठीची सगळी बटणं दोन सरळ रेघांत होती, एक सोडून. ते फुलीचं बटण तिकडच्या बाईने तसंच राहू दिलं होतं. आळस म्हणून की मान म्हणून, यावर मी स्वतःशी कितीदा तरी भांडले आहे. आईने त्या बटणावर बोट ठेवलं आणि मग ती रडली. तोंडाला पदर न लावता, माझ्यासमोर, मोठ्याने. मी तिला त्याआधी तसं रडताना बघितलं नव्हतं.

मी म्हटलं, "मी नाय घालणार. चुलीत घाल तो."

"घाल," आई म्हणाली. "कापड तुज्या बापाचं हाय."

तिने तो माझ्या अंगात चढवला. खांद्यात बसला, छातीत बसला, फक्त उंचीला आखूड झाला, कारण वर्षभरात मी वाढले होते. आधीच्या वर्षीची मी असते तर तो गुडघ्याखाली बरोबर आला असता. त्या बाईने मला कधी पाहिलं नव्हतं. तिने विचारलं असेल, पोर केवढी आहे, आणि बाबांनी आपल्याच शर्टाच्या दुसऱ्या बटणावर बोट ठेवून सांगितलं असेल, एवढी. तिकडच्या खोलीत माझं नाव निघत होतं, माझी उंची सांगितली जात होती. आणि मी इथे बापाची वाट बघत होते. त्या विचाराने मला जे रडू फुटलं ते आईलाही थांबवता आलं नाही.

आईने खालची दुमड चाचपली. "माया ठेवलीय भरपूर. पोरी वाढतात हे ठाऊक हाय तिला," म्हणाली. तिने ती दुमड उसवली आणि माझ्या अंगावरच, मला गोल गोल फिरवत, नवी घातली. खाली गडद निळी पट्टी उमटली, शर्टाचा आत खोचला जाणारा भाग तिथे आल्याने न विटलेली. तिच्यावर जुन्या टाक्यांची भोकं आणि शेजारी आईचे नवे टाके. तो फ्रॉक मी दोन उन्हाळे घातला. मैत्रिणी विचारायच्या कुणी शिवला, आणि मी म्हणायचे, आईने.

उसवलेली कॉलर आईने त्या दिवशी परत लावली नाही. सदऱ्याच्या घडीत ठेवली आणि ट्रंक बंद केली.

पुढच्या पाडव्यानंतर ट्रंक पुन्हा खाली आली. आईने माझे कपडे काढले, तिचं लुगडं काढलं आणि झाकण लावलं. बाबा त्या वर्षी येतील असा निरोप होता, म्हणून मी विचारलं, "आणि बाबांचे सदरे?"

आईने सुईत दोरा ओवला, जिभेने ओला करून, डोळे बारीक करून. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांचं माप आता माज्याजवळ नाय. आण तुजा परकर."