ठरावाला विरोध करणाऱ्या अक्का

निपाणीहून बेंगळुरूच्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवायला आलो, त्या पहिल्याच आठवड्यात मी व्हरांड्यात आईशी फोनवर मराठीत बोलत होतो. विभागातल्या ज्येष्ठ प्राध्यापिका डॉ. वत्सला शिंदे जाता जाता थांबल्या. राहायची सोय झाली का, एवढेच त्यांनी विचारले. संध्याकाळपर्यंत चामराजपेटेत, त्यांच्याच गल्लीत, मला खोली मिळाली होती. त्यांचे घराणे कित्येक पिढ्या इथलेच. सारा विभाग त्यांना अक्का म्हणतो. मीही म्हणू लागलो.

पुढे विद्यापीठाने नवी पद्धत आणायचे ठरवले. तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्याला समोर बसवून दाखवायची आणि दिलेल्या गुणांचे कारण सांगायचे. बैठकीत पुष्कळांनी टाळ्या वाजवल्या. काहीजण वरचा आदेश म्हणून गप्प राहिले. मी नवखा; मान डोलावली. विरोधात एकच हात वर गेला, अक्कांचा. एवढा वेळ कुठून काढणार, घाईने केले तर तो देखावाच होईल, असे त्यांनी शांतपणे मांडले. ठराव मंजूर झाला.

परीक्षा झाल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांना सवड मिळेना. अक्कांनी मात्र दारावर वेळापत्रक लावले आणि रोज चार-चार मुलांना बोलावले. एकदा मी तिथेच होतो. एका मुलीने चाचरत आपल्या एका उत्तरावर बोट ठेवले. अक्कांनी ते दोनदा वाचले, चूक आपली असल्याचे बाहेर थांबलेल्या मुलांनाही ऐकू जाईल असे सांगितले आणि गुण वाढवले. उत्तर सोडवण्याची तिची रीत आपल्याला इतक्या वर्षांत सुचली नव्हती, याचाच त्यांना आनंद झाला होता.

मत तर विरोधात दिले होते ना, असे मी नंतर विचारले.

"मत माझं एकटीचं होतं. ठरल्यावर काम सगळ्यांचं. त्यात जराही कसर नको," अक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या दारावर वेळापत्रक लावले. आढावा बैठकीत सगळे उत्तम चालल्याचे इतरांनी सांगितले. अक्कांनी मात्र वेळ कुठे अपुरा पडतो ते नोंदींसह दाखवले. उत्तरपत्रिका दाखवायच्या आठवड्यातले शिकवण्याचे तास कमी झाले, आणि मग एकेक सहकारी खरोखर कामाला लागला.

यंदा अक्का साठ वर्षांच्या झाल्या. परवा नव्या अभ्यासक्रमाच्या बैठकीत मी प्रथमच उघडपणे हरकत घेतली. अक्कांनी माझ्या विरोधात मत दिले, आणि बाहेर येताच मोठ्या खुशीने मला कॉफी पाजली. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि त्यांच्याशी मतभेद करण्याचे भाग्य आम्हाला पुष्कळ वर्षे मिळो.