हाताला लागणारा गेअर

आजकालची पोरं गेअर टाकतात तसा मी कधी जनावरापुढं कडबा बी टाकला न्हाई. क्लच दाबला, दांडा ढकलला, झालं. गाडी बिचारी सोसते, कारण आताच्या गेअरपेटीतली चाकं एकमेकांशी जुळवून घेतात. आमच्या वेळच्या गाड्या असल्या गरीब न्हवत्या. निजामाचं राज्य, जालन्यात मोजक्या मोटारी, आणि त्यांतली एकूणएक तोंडाळ. गेअर जरा चुकला की भर बाजारात खर्रर्र करून बोंब मारायची. माणसं आधी गाडीकडं बघायची, मंग ड्रायव्हरकडं, आणि ड्रायव्हरला तोंड लपवायला जागा न्हाई.

ते गेअर कानानं टाकायचे असत. खालचा गेअर घ्यायचा तर क्लच दाबून दांडा मधे आणायचा, क्लच सोडून इंजिन जरा चढवायचं, आणि त्याचा आवाज बराबर उंचीला आला की पुन्हा क्लच दाबून दांडा आत. ह्याला आम्ही डबल किलच म्हणायचो. आवाज ओळखता आला तर गेअर गुपचूप पडायचा. ही ओळख मला करून दिली माझ्या उस्तादांनी. ते एका कापसाच्या शेठची मोटार चालवायचे. मी मेंढरं विकून त्यांच्याकडं शिकायला आल्तो, चांगला बाप्या गडी, घरी दोन लेकरं.

गेअर वाजला की उस्ताद गाडी थांबवायला लावायचे. "उतर. माफी माग." मंग मी खाली उतरून, तापलेल्या बॉनेटवर हात ठेवून गाडीची माफी मागायची. अंबडला कचेरीसमोर एकदा अशी माफी मागितली तर तिथले वकील हसून हसून लाल झाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणलं, "उस्ताद, मी चाललो परत मेंढरामागं." ते शांतपणे म्हणाले, "जा की. पण मेंढरू ओरडलं तर तू थांबून बघत व्हतास का न्हाई? मंग ही ओरडली तर का थांबत न्हाईस?" गपगुमान गाडीत येऊन बसलो.

ते दिवस लई चांगले होते, हे मला आज कळतं. पिंपळगाव रेणुकाईला जाताना वाटेत ज्वारीच्या रानाला गाडी लावायची, भाकर सोडायची, आणि उस्ताद खाता खाता इंजिनाच्या गोष्टी सांगायचे. त्यांचा कान असा की मागून येणारी मोटार कुणाची आणि तिचा कुठला सिलिंडर मार खातोय, हे वळून न बघता सांगत.

पुढं मी स्टेशन रोडला पत्र्याचं शेड टाकलं आणि मिस्त्री झालो. दुसरी मोठी लढाई चालू झाली. पेट्रोल मिळंना, पार्ट मिळंना. अशात एक दिवस सकाळी उस्तादांचे शेठ स्वतः पायी शेडवर आले. म्हणाले, "मोटारीचे गेअर वाजून राह्यलेत. राजूरला गणपतीला गेलो तर जाऊन येईपर्यंत खरखर. बायको म्हणते, आता मी बैलगाडीनंच येईन. पेटी खराब असंल तर हैद्राबादेहून काय बी करून आणवतो. पण पेटी चांगली असंल तर मंग मला ड्रायव्हर बदलावा लागंल. तू बघ. तू म्हणशील तसं."

मला असा राग आला. म्हणलं, "शेठ, पेटीच खराब हाय, न बघता सांगतो. उस्ताद झोपेत बी गेअर वाजवणार न्हाईत."

"तरी बघ," शेठ म्हणाले.

उस्ताद गाडी घेऊन आले. मी विचारलं, काय होतं? ते म्हणाले, "हाताला लागतो. दांडा हाताला दणका देतो." आता आजारी गाडी घेऊन येणारा कुणी बी असो, तो आधी तोंडानं आवाज काढून दाखवतो. कुणी खर्रर्र करतो, कुणी कटकट करतो, एक जण तर अख्खं शेड दणाणून सोडायचा. उस्तादांनी आवाज काढला न्हाई. नुसता तळहात पुढं करून दाखवला. मी विचारलं, "कुठल्या गेअरला?" ते म्हणाले, "हां, बराबर." म्हातारा माणूस, काळजीत असंल म्हणून मी सोडून दिलं.

मंग मी कामाला लागलो. इंजिन बंद ठेवून सगळे गेअर टाकून बघितले, सहज पडले. इंजिन चालू केलं, क्लच तळाला दाबला, थोडं थांबलो आणि रिव्हर्स टाकला. क्लच अर्धवट सुटत असला की रिव्हर्स हमखास बोंबलतो. हा गप पडला, म्हणजे क्लच बराबर. पेटीतलं ऑइल काढून बोटांत चोळलं. चाकांचे दात झिजत असले तर ऑइलात लोखंडाची कच लागते. ऑइल स्वच्छ. पेटीचं झाकण काढून एकेक दात बोटानं चाचपला, दांड्याखालचे, चाकं सरकवणारे फोर्क हलवून बघितले. काहीच ढिलं न्हाई. उस्ताद पालथ्या डब्यावर बसून माझ्या तोंडाकडं बघत होते, घरातलं माणूस आजारी असलं की डॉक्टरच्या तोंडाकडं बघतात तसे. आणि मी, ज्यानं जन्मभर गाडी निर्दोष निघावी म्हणून देवाचा धावा केला, तो मी पेटीत एखादा तुटका दात सापडावा म्हणून तडफडत होतो. सापडला न्हाई. पाना आपटला, पुन्हा उचलला, सगळं परत बसवलं.

"चला, चालवून बघू," म्हणलं, आणि आम्ही राजूरच्या रस्त्याला लागलो. आधी मी बसलो. गेअर कसे गुपचूप पडत होते म्हणून सांगू! मंग उस्तादांना बसवलं. पहिल्याच चढाला, तिसऱ्यातून दुसरा घेताना, खर्रर्र. त्यांनी दांड्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बघ, लागला हाताला." इंजिन अजून खालच्याच आवाजात होतं. शिकाऊ माणसाला बी ते कळलं असतं.

मी त्यांना बाजूला बसवलं आणि पुन्हा गाडी हाती घेतली. पुढच्या चढाला मुद्दाम, बिलकुल इंजिन न चढवता, दांडा दुसऱ्यात रेटला. गाडी अशी किंचाळली की रस्त्याकडंची शेरडं उधळून बांधावर चढली आणि त्यांच्यामागं राखोळ्या काठी घेऊन पळाला. उस्ताद समोर बघत म्हणाले, "औंदा ज्वारी चांगली हाय."

उतर म्हणाले न्हाईत. माफी माग म्हणाले न्हाईत. त्यांना ऐकूच आलं न्हवतं.

मी गाडी बाजूला लावली. हे त्यांना सांगायला तर पाहिजे होतं, शेठच्या आधी माझ्या तोंडून कळायला पाहिजे होतं. पण असली गोष्ट माणसाच्या कानात हळू सांगायची असते, आणि ह्या माणसाला हळू सांगितलेलं कळणार न्हवतं. मी दोनदा पुटपुटलो. ते म्हणाले, "हां, बराबर." शेवटी मी माझ्या उस्तादांच्या तोंडावर ओरडलो, "गाडी चांगली हाय! तुमचे कान गेलेत!"

राखोळ्यानं लांबून वळून बघितलं.

उस्तादांनी दांड्यावर तळहात ठेवला. मंग म्हणाले, "मागं तू इंजिन खोललं, तवापासनं मी म्हणतो, ह्या गड्यानं काय झ्याक काम केलंय, आवाजच न्हाई राह्यला इंजिनाला. सगळ्यांना सांगत फिरलो की रे."

मी त्यांचा हात धरला. म्हणलं, पुन्हा ओरडूनच म्हणलं, "मी शेठला सांगतो, पेटी खराब हाय म्हणून. पेटी यायला लई दिवस लागतील."

"आणि चांगली पेटी खराब म्हणून सांगणार? तू? मिस्त्री हायेस का कोण?" पहिल्यासारखेच डाफरले. "शेठला मीच सांगतो. राजूरच्या वाटेवर त्यांच्या लेकराबाळांना घेऊन कुठं धडकलो असतो म्हणजे? मागून हॉर्न दिलेला मला कळला असता का?" डोक्याचा रुमाल त्यांनी सोडला, पुन्हा बांधला, आणि समोर बोट केलं. "चल. घरी चल."

तिथून जालन्यापर्यंत मी गाडी चालवली. तेवढ्या वाटेवर चढ होते, उतार होते, ओढा होता, बैलगाड्यांची रांग होती. अशी गाडी मी त्याआधी चालवली न्हवती आणि नंतर बी मला जमली न्हाई. इंजिनाचा आवाज उंचीला यायचा आणि दांडा आपसूक आत जायचा, ते शिकवत होते तसा, बराबर तसा. आणि ते माझ्या शेजारी, हातभर अंतरावर बसले होते, आणि त्यातलं काही त्यांना ऐकू येत न्हवतं.

गाव जवळ आलं तसं त्यांनी माझ्याकडं तोंड वळवून विचारलं, "एक बी वाजला न्हाई ना?"

मी मानेनं न्हाई म्हणलं.

"मंग शिकला म्हणायचा तू," उस्ताद म्हणाले.

इतक्या वर्षांत हे ते मला पहिल्यांदा म्हणाले, आणि तेही माझ्या सांगण्यावर भरोसा ठेवून. मला समोरचा रस्ता दिसंना.