कारखान्यातल्या त्या दोघी आणि माझी रूममेट

माझ्या रूममेटसारखी बाई अमेरिकेतल्या श्रूजबरीत पूर्वी कधी झाली नसेल आणि पुढेही व्हायची नाही. झालीच तर गावाला ती झेपणार नाही. मी पुण्याची, ती नागपूरची. दोघी सॉफ्टवेअरमध्ये, दोघी वर्क व्हिसावर, दोघी बिनलग्नाच्या. ओळखीच्या एका काकूंनी "एकेकट्या कशाला राहता गं?" असं म्हणून दोन हजार एकच्या उन्हाळ्यात आम्हाला एका अपार्टमेंटमध्ये ढकलून दिलं. पहिल्याच शनिवारी ही बाई शेजारच्या गल्लीत कुणी अंगणात जुनं सामान विकायला मांडलं होतं, त्या यार्ड सेलमधून एक खोकं कमरेवर घेऊन आली, आणि आमच्या घरात आणखी दोघी राहायला आल्या.

खोक्यात व्हिडिओ कॅसेट्स होत्या. कुणा हौशी माणसानं एका जुन्या विनोदी मालिकेचा एक अख्खा सीझन टीव्हीवरून, मधल्या जाहिरातींसकट, रेकॉर्ड केला होता. कारखान्यात काम करणाऱ्या दोन मैत्रिणी एका भाड्याच्या खोलीत राहतात, भांडतात, पुन्हा एक होतात, एवढीच गोष्ट. पुढचे-मागचे सीझन कधी आमच्या हाती लागले नाहीत आणि रूममेटला ते नकोच होते. "पुढं काय होते ते पाहून काय करायचं? इथं चांगल्या आहेत ना दोघी!" ती म्हणायची. रात्रीचा वरण-भात पुढ्यात आला की एक एपिसोड लागायचाच. त्या दोघींची खरी नावं तिला पसंत नव्हती, म्हणून तिनं त्यांना थोरली आणि धाकटी करून टाकलं. भांडी घासायची पाळी ज्या दिवशी माझी असेल, त्या दिवशी मी धाकटी असायची.

ती व्यवसायानं टेस्टर. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका, म्हणजे 'बग', शोधायच्या, हे तिचं काम, आणि हे काम ती घरी आल्यावरही बंद करू शकत नसे. थोरलीच्या हातातला दुधाचा ग्लास आत्ता भरलेला आणि पुढच्या क्षणी अर्धा दिसला की "बग!" असं ती इतक्या जोरात ओरडे, की खालच्या मजल्यावरचा म्हातारा आपल्या छतावर काठी ठोकत असे. जाहिरातींवर मात्र तिचा गाढ विश्वास होता. त्यातला एक भांड्यांचा साबण तिच्या मनात भरला. तो मिळेना म्हणून ती तीन दुकानं हिंडली. शेवटी एका दुकानदारानं, तो साबण आपल्या आईच्या वेळी मिळायचा, असं सांगितलं, तर बाहेर येऊन मला म्हणाली, "यांना स्टॉक ठेवता येत नाही, अन् म्हणे अमेरिका!"

इंग्रजीही ती त्या सीझनमधूनच शिकली. म्हणजे नागपूरहून ती चांगलं पुस्तकी इंग्रजी घेऊन आली होती, पण ते तिला अळणी वाटे. एकदा तिच्या मॅनेजरनं अगदी सभ्यपणे, तुला खिडकीजवळची जागा हवी आहे का, असं विचारलं. बाईंनी कमरेवर हात ठेवून "डोंट गेट फ्रेश विथ मी, मिस्टर!" म्हणजे माझ्याशी लगट करायची नाही, असं ऐकवलं. तो बिचारा आठवडाभर तिच्याशी फक्त ईमेलवर बोलत होता.

तिच्यासाठी घरून स्थळं यायची. मुलगा भेटायला आला की ती चहा द्यायची आणि एक एपिसोड लावायची. न्यू जर्सीचा एक देखणा, चांगल्या नोकरीतला मुलगा एपिसोडभर मनापासून हसला. मला वाटलं, जमलं. तो गेल्यावर ही म्हणाली, "नाही जमणार. कॅसेटमध्ये मागून हसणारे लोक जिथं हसले तिथंच हसला तो. एकदाही आपल्या मनानं हसला नाही." मुलाच्या घरी काय कारण कळवायचं, या काळजीनं नागपूरला तिच्या आईचं ब्लडप्रेशर वाढलं.

सगळ्यांत कठीण प्रकरण होतं तिच्या ड्रायव्हिंगचं. लायसन्स तिला चौथ्या खेपेला मिळालं होतं, पण डावीकडे वळायची तिला भयंकर भीती वाटे. इथं गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, त्यामुळे डावीकडे वळताना समोरून येणाऱ्या गाड्यांच्या तोंडावर आपण होऊन जायचं, हे तिच्या बुद्धीला पटत नसे. त्यामुळे ती फक्त उजवीकडे वळायची. ऑफिसला, ग्रोसरीला, काकूंकडे, सगळीकडे ती उजवी वळणं घेत घेत, गावाला प्रदक्षिणा घालून पोचायची. हायवेचं तर नावच काढायचं नाही. लांब कुठं जायचं तर गाडी मी चालवायची आणि शेजारी बसून ती ब्रेक दाबायची.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात मी आमच्या पार्किंग लॉटमध्ये बर्फावरून घसरले आणि उजवा पाय मोडून घेतला. मांडीपर्यंत प्लास्टर. घरूनच काम करत होते, तेवढ्यात एके दुपारी फोन आला की कंपनी आमची अख्खी टीम बंद करतेय. त्या वर्षी हे सगळीकडेच चाललं होतं. पण नोकरी गेली की व्हिसाही गेल्यात जमा. पुण्याला काय सांगायचं, या विचारानं मी सोफ्यावर रडत बसले होते. रूममेट आली, बूट न काढताच समोर उभी राहिली.

"काऊन रडून राहिली?"

मी सांगितलं. तिनं शांतपणे कोट काढला आणि म्हणाली, "मग मीही उद्या राजीनामा देते. धाकटीला काढलं तेव्हा थोरलीनं एप्रन फेकला होता."

"अगं वेडे, मग इथलं भाडं कोण भरणार?"

तिनं तो कोट खुंटीला अडकवला. "हा बगच आहे मालिकेत," ती म्हणाली. "ते दाखवलंच नाही त्यांनी." आणि ती वरण करायला गेली.

मी रोज अर्ज पाठवत होते. बऱ्याच दिवसांनी एका कंपनीनं इंटरव्ह्यूला बोलावलं. गाव तासाभरावर, मला ड्राइव्ह करता येत नव्हतं, ओळखीचे सगळे कामावर. काकूंच्या मिस्टरांनी यायचं कबूल केलं होतं, पण त्या सकाळी बर्फ पडायला लागला आणि त्यांची गाडी सुरूच होईना. मी इंटरव्ह्यू कॅन्सल करायला फोन उचलला, तर रूममेटनं तो माझ्या हातातून काढून घेतला. त्या दिवशी तिच्या ऑफिसमध्ये नव्या प्रॉडक्टचं रिलीज होतं आणि तिनं हजर असणं सक्तीचं होतं. माझ्याच फोनवरून तिनं मॅनेजरला सांगितलं की आज येणार नाही. तो पलीकडून काय म्हणाला कुणास ठाऊक. ही म्हणाली, "देन फायर मी, मिस्टर," आणि तिनं गाडीची किल्ली घेतली.

"पण तिथं जायला हायवे घ्यावा लागतो," मी म्हटलं. "आणि डावीकडेही वळावं लागतं."

"माहीत आहे ना! बोलू नको. पाय सांभाळ."

तो प्रवास मी जन्मात विसरणार नाही. मागच्या सीटवर मी पाय आडवा टाकून बसलेली, पुढे ती स्टिअरिंगला छाती टेकून. पहिलं डावं वळण आलं तेव्हा सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झाला, मागच्या ट्रकनं हॉर्न वाजवला. तिनं काच खाली केली, त्या दोघींच्या भाषेत ट्रकवाल्याला काहीतरी सुनावलं, मग "गजानना, सांभाळ रे बाप्पा!" असं ओरडून डोळे मिटले आणि वळली. डोळे मिटले होते हे तिनं मला नंतर सांगितलं, हे बरं झालं. हायवेवर आम्ही इतक्या हळू गेलो की रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारणारी गाडी आम्हाला मागे टाकून गेली. "चांगलं झालं," ती म्हणाली, "आता रस्ता साफ मिळेल."

पोचलो तर रिसेप्शनवरच्या वयस्कर बाईंनी सांगितलं की, बर्फामुळे सगळे इंटरव्ह्यू रद्द झालेत, मॅनेजर घरी निघालेत, पुन्हा कळवू. माझे तर पायच गळाले. एक आधीच गळालेला होता. मी कुबड्या वळवल्या. रूममेट वळली नाही. काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून म्हणाली, "लुक, सिस्टर. शी हॅज वन लेग. आय हॅव नो लेफ्ट टर्न. वी केम."

त्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्या प्लास्टरकडे पाहिलं, आणि हसायला लागल्या. अशी भाषा आपल्या मोठ्या बहिणीनंतर कुणाच्या तोंडी ऐकली नाही, ती फॅक्टरीत होती, असं म्हणाल्या. मग त्या स्वतः उठून पार्किंग लॉटमध्ये गेल्या आणि गाडीवरचा बर्फ खरवडत असलेल्या मॅनेजरला परत घेऊन आल्या. त्यानं कोट न काढताच माझा इंटरव्ह्यू घेतला. आत मी बोलत होते, बाहेर रूममेट त्या बाईंना थोरली-धाकटीचा एपिसोड साभिनय सांगत होती. दोघींचं हसणं भिंतीपलीकडून ऐकू येत होतं आणि का कोण जाणे, त्यानं मला धीर आला.

नोकरी मिळाली. नव्या कंपनीनं व्हिसाचे कागद वेळेत केले. रूममेटला मात्र तिच्या ऑफिसात बरंच ऐकून घ्यावं लागलं आणि त्या वर्षीचं प्रमोशन हुकलं. हे मला तिनं कधीच सांगितलं नाही, काकूंकडून कळलं.

पुढे एक मुलगा तिला भेटायला आला. एपिसोड संपेपर्यंत हसला नाही, आणि शेवटी गंभीरपणे म्हणाला, "या दोघी दिवसभर राबतात, पण जेवतात कधी?" तो गेल्या गेल्या रूममेटनं नागपूरला फोन लावून होकार कळवला. लग्न होऊन ती देशाच्या दुसऱ्या टोकाला, क्युपर्टिनोला गेली. पाठवणीला मी आणि काकू एअरपोर्टवर गेलो होतो. तिनं मागे वळून पाहिलं नाही. मला वाटलं, विमानाची घाई असेल.

आता मीही संसारात पडले आहे. रविवारी आमचा फोन होतो. दोन हजार आठच्या सुरुवातीला माझं ग्रीन कार्ड आलं. नवऱ्याच्या आधी मी तिलाच फोन लावला. भराभरा सगळं सांगितलं आणि मग, इतक्या वर्षांत कधी बोलले नव्हते ते बोलून गेले, "अगं, त्या दिवशी तू गाडी काढली नसतीस, तर मी आज इथं नसते. तुझे उपकार..."

पलीकडे काहीच आवाज नाही. ही बाई गप्प बसलेली मी प्रथमच ऐकत होते.

"पागल आहे का तू?" शेवटी ती म्हणाली. "ठेव फोन. पोरगी उठली, रडून राहिली." आणि तिनं फोन ठेवून दिला.

मी कितीतरी वेळ तो हातात धरून बसले. पोरीच्या रडण्याचा आवाज मला काही आला नव्हता.