नाकमिस्त्रीचं नाक

त्याला सगळे नाकमिस्त्री म्हणत आणि त्याला ते आवडायचं. गाडी गॅरेजच्या दारात उभी राहिली की बोनेट उघडायच्या आधी हा नाक पुढे करायचा. गोडूस वास आला की कूलंट गळतंय, केस जळल्यासारखा आला की क्लच गेला, प्लास्टिकचा आला की वायरिंग. कामाचा शेवटही तसाच. इंजिन चालू ठेवायचं, गाडीभोवती एक फेरी मारायची, वास घ्यायचा आणि म्हणायचं, ‘घेऊन जा.’ फडकं फिरवून बघणं, खाली वाकून थेंब शोधणं, ही त्याच्या मते बिननाकाच्या लोकांची कामं.

हिवाळ्यात त्याला ताप आला, सोबत सर्दी आली. दोन्ही गेली, पण जाताना वास घेऊन गेली. येईल परत, असं त्याला काही दिवस वाटलं. मग वाटेनासं झालं. डॉक्टरकडे जायचं म्हणजे कुणाला तरी सांगायचं, आणि बातमी फुटली असती तर आधीच बंद पडलेलं नाक वर कापलंही गेलं असतं. गॅसवर दूध जळून कोळसा झालं तरी हा शेजारी बसून पेपर वाचत होता, तेव्हा बायकोला वाटलं, मुद्दाम केलं. तिने अबोला धरला. त्याने तोही सोसला, पण खरं काही सांगितलं नाही.

गिऱ्हाइकांना मात्र तो विचारू लागला, “वास कसा येतो, तुमच्या शब्दांत सांगा.” मिस्त्री सुधारला, असं लोक म्हणाले. करपट, उग्र, आंबूस, खवट, जो शब्द हाती येईल त्यावरून तो रोग ओळखायचा. जमत होतं.

जमलं नाही ते पोटच्या मुलीच्या बाबतीत. बाळ लहान म्हणून ती काही महिने आईवडिलांकडे राहिली होती. आता रजा संपत आली होती आणि बाळाला घेऊन तिला एकटीने गाडी चालवत परत जायचं होतं. रस्ता लांबचा आणि चढाचा, म्हणून त्याने आपणहून तिच्या इंजिनाच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग बदललं. नेहमीची फेरी मारली, वास घेतला. काहीच आला नाही. सवयीने तोंडातून निघून गेलं, ‘घेऊन जा.’

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “बाबा, गाडीला घाण वास येतोय.”

“घाण म्हणजे कसा?”

“घाण म्हणजे घाण.”

आता यावरून काय ओळखायचं? “काम करताना तेल सांडलं असेल,” तो म्हणाला, “जळून जाईल.” असं होतं, हे खरं. पण त्याने ते माहीत नसताना ठोकून दिलं होतं, आणि तेव्हापासून त्याला चैन पडेना. जेवताना उठून गाडीकडे जायचा, बोनेटवर हात ठेवून उभा राहायचा, पण उघडून फडकं फिरवलं तर नाकाचं बिंग फुटेल म्हणून परत यायचा. दुसऱ्याच्या गाडीखाली झोपला असताना मध्येच पाना टाकून बाहेर यायचा. “पायाला भिंगरी लागलीय का?” बायको म्हणाली. मुलगी जाणार म्हणून जीव कासावीस होत असेल, असं ती धरून चालली.

निघायच्या दिवशी मुलगी सकाळीच पेट्रोल भरून आली. बॅगा गाडीत गेल्या, बाळाला मागे त्याच्या छोट्या सीटमध्ये पट्ट्याने बांधलं. तो खिडकीपाशी गेला.

“वास येतो अजून?”

“येतो. पण तुम्ही म्हणालात ना जाईल, मग जाईल.”

“इंजिन बंद कर,” तो म्हणाला. “बाळाला बाहेर काढ. मला वास येत नाहीये.”

“मग चांगलंच की.”

“तसं नाही गं. मला कसलाच वास येत नाही. हिवाळ्यापासून.”

बायको दारातून खाली उतरली. “म्हणजे ते दूध...”

“हो.”

“मग सांगायला काय तोंडाला कुलूप होतं?”

“नंतर काय बोलायचं ते बोल. आधी इकडे ये आणि वास घे.”

गॅरेजकडे बघूनसुद्धा नाक मुरडणारी ती बाई उघड्या बोनेटवर वाकली. “तळणीचं तेल,” ती म्हणाली. “तेच तेच पुन्हा तापवलं की येतो तसा.” मग बाजूने सरकत गेली. “इथे जास्त. या मागच्या कोपऱ्यात.”

त्याने टॉर्च आणि छोटा आरसा आत घातला. वरून दिसणारच नाही अशा जागी पॅकिंग खाचेतून निसटून झाकणाखाली चिमटलं होतं. तिथून तेल पाझरून खालच्या सायलेन्सरच्या पाइपवर पडत होतं, आणि पाइपवरून निळसर धूर निघत होता. चढावर तो पाइप किती तापला असता आणि पुढे काय झालं असतं, हे कळायला नाक लागत नव्हतं.

“चूक माझी आहे,” तो म्हणाला. “पॅकिंग नीट बसलं नव्हतं. मी हात लावून बघितलंच नाही, नाकावर गेलो.”

“इतके दिवस मी या पोरीला घेऊन याच गाडीतून फिरतेय,” मुलगी म्हणाली.

इंजिन गार होईपर्यंत तो येरझाऱ्या घालत राहिला. मग झाकण काढलं, खाच घासली, नवं पॅकिंग बोटाने चाचपत बसवलं, पाइप पुसून काढला. गाडी चालू करून पांढरं फडकं सगळीकडून फिरवलं. मुलीला चक्कर मारून यायला लावलं आणि पुन्हा फिरवलं. फडकं कोरडं निघालं. बायको वाकून म्हणाली, “आता नुसता गॅरेजचा वास येतोय, रोजचा.”

मुलगी बॅगा परत लावत होती, म्हणून बाळ त्याच्या हातात आलं. कुणीही करतं तसं त्याने तिच्या टाळूला नाक लावलं, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ही हिवाळ्यानंतर जन्मलेली. त्याला एकदम फार वाईट वाटलं.

“हिच्या डोक्याला वास कसा येतो गं?” त्याने विचारलं.

मुलीचा राग गेला नव्हता. तरी ती आली, वाकली आणि डोळे मिटून बराच वेळ वास घेत राहिली. “दुधाचा,” ती म्हणाली. “मानेपाशी जरा आंबूस. वर उन्हात वाळलेल्या कपड्यासारखा, कोमट.” तिने पुन्हा हुंगलं. “आणि आता थोडा ऑइलचा. तुमच्या हातांचा.”

तो बाळाला एका हातावर घेऊन पुसायला फडकं शोधू लागला.

“राहू दे,” ती म्हणाली.