वाळकेघाटाचा वायरलेस

शारजाहून परतलेला माणूस काय घेऊन येतो, हे नांदेड जिल्ह्यात शेंबडं पोरगंही सांगेल. अत्तराच्या बाटल्या, वाघाचं चित्र असलेलं ब्लँकेट, बायकोला बांगड्या. वाळकेघाटच्या बजरंगने दोन वायरलेस आणले. तेही जहाजावरचे.

वाळकेघाटातल्या निम्म्या लोकांनी समुद्र टीव्हीतच पाहिलेला, उरलेल्यांचं त्याच्यावाचून काही अडलेलं नाही. अडतं ते गोदावरीवाचून. गाव या काठाला आणि शाळा, दवाखाना, बाजार त्या काठाला. पूल आहे, पण तो भाषणात. दर निवडणुकीला मंजूर होतो आणि निकालाच्या दिवशी वाहून जातो. बाकी सगळा कारभार बजरंगच्या होडीवर. आजा वल्हवायचा, बाप वल्हवायचा. इंजिन बसवण्यापुरतं गाठीला असावं म्हणून बजरंग शारजाच्या खाडीत जहाजं ओढणाऱ्या एका टगबोटीवर डेक धुवायला गेला.

तिकडे असताना एक दिवस बायकोचा फोन आला. जगदेवी देगलूरकडची, रडणं तिच्या वळणात नाही.

"आवं, तहसीलवाले येऊन गेले. काठावर आन होडीत बोलायचं साधन असंल तरच पावसाळ्यात होडी चालंल म्हनून राहिले. न्हाईतर बंद."

"मोबाईल हाय की!"

"तो चालत न्हाई म्हने. पुरात टावर आधी बसतोय."

खरं तर बरोबर होतं. सरकार कधीमधी बरोबरही बोलतं, फक्त बोलून निघून जातं. पावसाळ्यात होडी बंद म्हणजे चार महिने बजरंगची चूल बंद, पोरींची शाळा बंद, आणि कुणाचं पोट दुखलं तर देवाचं नाव. मग बजरंगला आठवलं, टगबोटीवरचा कप्तान हाताएवढ्या डब्यात दोन शब्द बोलतो आणि खाडीच्या पलीकडून मदत येते. ना टॉवर, ना रिचार्ज. सुट्टीच्या दिवशी तो बंदराजवळच्या दुकानात शिरला. दुकानदार केरळचा, टापटीप.

"कौनसे समंदर में चलाओगे?"

"गोदावरी में."

दुकानदाराने नकाशा आठवून पाहिला. "ये किधर का समंदर है?"

"हमारे घर के पीछे का."

दुकानदार हसला नाही, इतका तो भला. पाण्यात पडला तर तरंगणारा जोड त्याने दाखवला आणि बजावलं, "घर जाके परवाना लेना. बिना परवाना चलाना मत." बजरंगने मान डोलावली. परवाना म्हणजे काय, हे आपल्या देशात जन्मलेल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. त्याने हैदराबादला उतरल्यावर विमानतळावर जोड दाखवला, कर भरला, पावती घेतली आणि गावी येऊन तहसिलात अर्ज टाकला. अर्जात जहाजाचं नाव, वजन आणि बंदर विचारलं होतं. बंदराच्या रकान्यात त्याने 'वाळकेघाट, चिंचेखाली' असं लिहिलं. कचेरीने सांगितलं, परवान्याचं वर कळवतो, तोवर घाटावर आमच्यासमोर चाचणी दाखव. चाचणी जमली तर होडी चालू.

गावाने मजा घेतली. "बजरंगशेट, आगबोट कवा येणार?" "आरं, कालव्यात पाणबुडी सोड एखादी!" पलीकडच्या काठावर मासे धरणारा साहेबराव तेवढा गंभीरपणे म्हणाला, "दोनच आणले, शहाण्या? एक माझ्यासाठी आणायचा व्हता."

बजरंग जगदेवीला शिकवायला बसला. "हे बटन दाबलं की आपन बोलायचं. सोडलं की समोरच्याचं ऐकायचं. दाबून धरलं तर समोरचा मेला तरी कळनार न्हाई."

"म्हंजे एकानं बोलायचं तर दुसऱ्यानं गप बसायचं," जगदेवी म्हणाली. "हे यंत्र आपल्याकडं चालायचं न्हाई."

ती बोलली, पण ऐकतो कोण.

चाचणीच्या दिवशी घाटावर मंडप. मंडप कुणी सांगितला? कुणीच नाही. पण तहसीलचे साहेब येणार म्हटल्यावर शेषेराव नाना येणार, आणि नाना येणार म्हणजे माईक, शाल, श्रीफळ आणि फ्लेक्स आलेच. नाना पंचायत समितीत होते त्याला जमाना झाला. माईक मात्र त्यांच्या हातून कुणाला सोडवता आला नाही. फ्लेक्सवर लिहिलं होतं, 'नानांच्या प्रयत्नांतून वायरलेस सेवा'. नानांचा फोटो होडीएवढा. बजरंगचा नव्हताच.

ठरलं असं की बजरंग माणसं घेऊन मध्यावर जाईल, तिथून बोलेल, आणि काठावर जगदेवी उत्तर देईल. होडीत साहेबरावची बायको सुमनबाई, तीन आणखी बाया आणि एक शेळी बसली. होडी निघाली. काठावरचा संच जगदेवीच्या हातात होता तो नानांनी हसत हसत काढून घेतला. "दे माय. उद्घाटन करतो आन देतो."

नानांनी एका हातात माईक धरला, दुसऱ्या हातात संच. बटण दाबलं. मग ते सोडलंच नाही.

"व्यासपीठावर उपस्थित आदरणीय..."

बजरंगच्या खिशातून नाना बोलू लागले. आदरणीय साहेब झाले, सन्माननीय सरपंच झाले, मान्यवरांचे मेहुणे झाले. एवढ्यात इंजिन दोनदा खोकलं आणि बसलं. वरच्या पावसाचं पाणी चढलेलं, धार जोरात. होडीचं नाक फिरलं. बजरंगने संच तोंडाशी धरून बटण दाबलं, "जगदे, इंजिन बंद पडलं! साहेबरावला धाड!" बटण सोडलं. उत्तर आलं: "...आणि ज्यांच्या आशीर्वादाने मी आज इथं उभा आहे..."

परत ओरडला. परत आशीर्वाद.

"दुबईचं पाणी पेलास ना लेका," सुमनबाई काठ धरून म्हणाली, "मग वल्हव की! तो म्हातारा आपली तेरवी उरकूनच थांबंल."

बजरंग वल्हं मारत राहिला. धार वल्ह्याला दाद देईना. घाटावर टाळ्या पडत होत्या; त्या होडीत स्वच्छ ऐकू येत होत्या. यंत्र उत्तम होतं, यात शंका नाही.

होडीचं नाक उलटं फिरलेलं पहिल्यांदा दिसलं ते जगदेवीला. तिने नानांना हाक मारली. नानांनी डोळ्यांनीच दटावलं. मग ती मंडपात चढली, नानांचं मनगट पिरगाळलं आणि संच ओढून घेतला. बटण सुटलं. संच माईकच्या समोरच होता, म्हणून पुढचं वाक्य कर्ण्यातून अख्ख्या घाटाने ऐकलं:

"त्या नानाच्या नरड्यात कुनी नारळ कोंबा रे! मी चाललो राजमंड्रीला वाहून!"

कर्णा पलीकडच्या काठालाही ऐकू गेला; साहेबराव डोंग्याकडे धावताना दिसला. जगदेवीने बटण दाबलं. "ऐकलं. साहेबराव निघाला." सोडलं. दोनच वाक्यं. त्या दिवशी त्या यंत्रावर कामाचं तेवढंच बोलणं झालं.

साहेबरावने डोंगा घालून खालच्या वळणावर होडी गाठली, दोर टाकला, बाया उतरवल्या. शेळीसुद्धा वाचली.

निकाल आठ दिवसांत लागला. अहवालात होडी वाहिल्याचा उल्लेख नव्हता. 'सदर संचातून शासकीय कार्यक्रमात मान्यवर व्यक्तीविषयी असभ्य भाषा प्रसारित झाल्याने' परवाना येईपर्यंत दोन्ही संच कचेरीत जमा, आणि पावसाळा संपेपर्यंत होडी बंद. ज्या कचेरीला वायरलेस नसल्याने होडी बंद करायची होती, तिनेच वायरलेस नेला आणि होडीही बंद केली. याला म्हणतात कारभार.

नोटीस घेऊन नवा तलाठी आला. शिवम नावाचा, लातूरच्या शिकवण्यांमधून घासूनपुसून निघालेला; इतिहास, भूगोल, सगळं पाठ, पोहणं सोडून. त्या काठाला उभा राहून त्याने हाका मारल्या. बजरंग होडी घेऊन गेला. इंजिन दुरुस्त झालं होतं. बाजारातून परतणाऱ्या बायाही बसल्या.

मध्यावर पोचल्यावर बजरंगने विचारलं, "काय कागद हाय साहेब?"

शिवमने वाचून दाखवला. बायांनी पिशव्या मांडीवर घट्ट धरल्या.

बजरंगने इंजिन बंद केलं. होडी हळूच आडवी होऊ लागली.

"ही बंदी कवापासून म्हनायची?"

"आजपासून."

"मग मी गुन्हा करून राहिलो की हो. उतरा."

"इथं?"

"बंद होडीत कसं बसता? सरकारी मानूस तुम्ही!"

शिवमने एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे. मग खिशातून पेन काढलं, कागद गुडघ्यावर ठेवून काहीतरी खोडलं आणि घसा साफ केला.

"उद्यापासून," तो म्हणाला.

बजरंगने इंजिन चालू केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या पोरी घाटावर आल्या, तेव्हा त्याने त्यांनाही तेच सांगितलं: बंदी उद्यापासून हाय, बसा.